आबा आणि जाईबाईची सोयरीक

आमच्या गावच्या मंडळाचं वधूवर रजिस्टर गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. ठाण्यात आमच्यातली कोणाची मुलगी किती शिकली, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, ते शालूताईला विचारा, म्हणजे मला. एकतीस लग्नं जमवली मी. माझं सगळ्यांना एकच सांगणं असायचं. मुलगी एकदा त्या घरात गेली, दार लागलं, की दोघं आपोआप जमवून घेतात, बाहेरच्यांनी लुडबुड करू नये. हे मी इतक्या ठसक्यात सांगायचे की समोरच्याला वाटावं, बाई याची परीक्षा पास होऊन आलीये.

त्यातलं एकोणतिसावं लग्न माझ्या भाचीचं, मेघालीचं. माझी बहीण गावाला असते, त्यामुळे मेघालीचं इथलं माहेर म्हणजे माझं वर्तकनगरचं दोन खोल्यांचं घर. मुलगा कल्याणचा, हितेश. दिसायला चांगला, बोलायला गोड, घरात फक्त आई. दीड वर्षात मेघाली दोनदा माझ्याकडे निघून आली. दोन्ही वेळा मी तिला जेवू घातलं, चार गोष्टी सांगितल्या आणि स्वतः कल्याणला नेऊन सोडलं. काय झालं ते विचारलं नाही. कारणं विचारली की ती वाढतात, असं माझं तेव्हा मत होतं.

तिसऱ्या वेळी ती दोन बॅगा आणि एक ससा घेऊन आली. तिची डोंबिवलीची मैत्रीण नोकरीसाठी परगावी चालली होती, तिचा ससा. सासर सोडून येणाऱ्या मुलीने वाटेत उतरून ससा घ्यावा, याला काय म्हणावं ते मला आजही कळलेलं नाही. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दिवाळी गेली तरी ती जायचं नाव काढेना. तिच्या सासूचे फोन यायला लागले तेव्हा मी त्यांना शब्द देऊन टाकला, "अक्षय्य तृतीयेला मी तिला आणून सोडते. माझ्यावर सोडा." मेघालीला हे सांगितलं तेव्हा ती सशाला गवत घालत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

सशाचं नाव आबा मी ठेवलं. करड्या रंगाचा, पाय पोटाखाली दुमडून, डोळे अर्धे मिटून असा बसायचा की आता हा शेतीवाडीची चौकशी करणार. सुरुवातीला मला त्याचा वैताग होता. त्याने चार्जरची वायर कुरतडली, रजिस्टरमधल्या दोन चांगल्या स्थळांचे पत्ते खाल्ले. पण एका दुपारी मी मटार सोलत बसले होते, तर हा आला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकवून बसला. मटार दिला तर खाल्ला नाही. नुसता बसला. माझा पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. एवढंसं जनावर, जगात सगळे त्याला खायला टपलेले, आणि ते आपल्या पायावर डोळे मिटतं! मला भरूनच आलं. त्यानंतर तो रोज यायचा. खुशीत असला की धावता धावता हवेत उडायचा, अंगाला पीळ देऊन भलतीकडेच तोंड करून उतरायचा आणि स्वतःच दचकायचा. मी आणि मेघाली हसून हसून बेजार व्हायचो. घरात हसण्याचा तेवढा एकच विषय होता.

डिसेंबरात माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मेघाली आबाला सोडून जायची नाही आणि सासू सशाला घरात घ्यायची नाही. आबाचं इथेच लग्न लावून दिलं तर? त्याला सोबत मिळेल, तो माझ्याकडे राहील आणि मेघाली मोकळी होईल. एकतीस लग्नं जमवलेल्या बाईला दोन सशांचं काय अवघड? विठ्ठलवाडीला एका घरी ससे मिळतात असं मंडळातल्या एकीने सांगितलं होतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मेघाली वागळे इस्टेटला ऑफिसात गेल्यावर मी तिकडे गेले आणि वर्षभराची एक पांढरीशुभ्र मादी टोपलीत घालून घेऊन आले. तिचं नाव जाईबाई.

हळदीकुंकवाचे दिवस, करंडा समोरच होता. तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. आबाचा मुक्काम गॅलरीत, म्हणून गॅलरीच्या उंबऱ्यावर माप ठेवलं, तांदळाऐवजी कोथिंबिरीने भरलेलं. जाईबाईने माप ओलांडलं नाही, ती आतली कोथिंबीर खात बसली. मी तिला मागून हलकेच आत सारलं आणि दार लावून घेतलं. काचेतून थोडा वेळ पाहिलं. आबा तिच्याभोवती गोल गोल फिरत होता. मला वाटलं, लाजतोय. मी आत जाऊन चहा टाकला.

गॅलरीतून धडधड आवाज आला. ओळख होतेय, म्हटलं. मग कुंडी पडल्यासारखं वाटलं. मी गाळणी हातात घेऊन उभी राहिले. जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण लुडबुड नको, असं स्वतःलाच बजावलं आणि चहा गाळून, बसून, पिऊन संपवला.

मग ती किंकाळी आली. तान्ह्या मुलासारखी, पण तान्हं मूलसुद्धा इतकं एकटं ओरडत नाही. साठ वर्षं मी समजत होते की ससा मुका असतो. तो मुका नसतो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मरण अगदी समोर दिसलं तरच तो ओरडतो, कित्येक ससे जन्मात एकदाही ओरडत नाहीत.

दार उघडलं तर गॅलरीभर केस उडत होते. दोघं एकमेकांना दातांनी धरून इतकी जोरात गरगरत होती की करडा कुठला आणि पांढरी कुठली कळेना. मी हात घातला, आबाने माझ्या अंगठ्यात दात रुतवले. कशीबशी जाईबाईला ओढून काढली. कपाळावरचं कुंकू फिस्कटून गालावर आलंय असं वाटलं. पदराने पुसायला गेले तर ते कुंकू नव्हतं. तिचा डावा कान मधोमध फाटला होता.

मेघालीला फोन केला, ती अर्ध्या तासात आली. जाईबाईला टॉवेलात गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "किती वेळ दार बंद होतं?"

"वीसेक मिनिटं."

"आवाज नाही आला तुला?"

"आला."

"मग?"

ती उत्तराची वाट बघत थांबली नाही, दवाखान्यात निघाली.

जाईबाईला चार टाके पडले. स्वयंपाकघरात खोक्यात ठेवली, तर ही बया दुसऱ्या दिवशी मेथी खायला लागली. बिघडला तो आबा. त्याला फारसं लागलं नव्हतं, पण तो आमचा आबा राहिला नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. जवळ गेलं की मागचा पाय जमिनीवर असा आपटायचा की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. माझ्या हाताला जाईबाईचा वास असला तर घशातून गुरगुरायचा. गुरगुरणारा ससा! दोनदा माझ्या अंगावर धावून आला. घरात घेतला तर थेट माझ्या अंथरुणावर चढून मुतला, माझ्याकडे बघत. ज्या पावलावर तो डोळे मिटायचा, ते पाऊल दिसलं की आता तो थरथर कापायचा. मला रडू आलं, आणि रागही आला. मी काय त्याचं वाईट केलं होतं? सोबतच आणली होती ना?

"इकडे बघ रे आबा, असा काय भिंतीकडे तोंड करून बसतोस," मी त्याला चुचकारत होते.

मेघाली मागे उभी होती. "बसू दे गं त्याला," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड केलं ना, की कोण येतंय ते दिसत नाही. तेवढंच जरा बरं वाटतं."

हे तिला कसं माहीत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

रविवारी रात्री ठेवलेलं गवत सोमवारी सकाळी तसंच होतं. लेंड्याही नव्हत्या. मेघालीचा चेहरा पांढरा पडला. ससा अर्धा दिवस जरी उपाशी राहिला तरी त्याचं पोट थांबतं आणि पोट थांबलं की तो जातो, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या डॉ. रसिकाबाई तरुण, शांत. त्यांनी आबाचं पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं, पाण्यात कालवून भरवायची पावडर दिली आणि मग मला विचारलं, "दोघांना पहिल्यांदा कुठे भेटवलंत?"

"आमच्या गॅलरीत."

"म्हणजे त्याच्या घरात."

"मग आणखी कुठे? मुलगी मुलाच्याच घरी येते ना?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हसल्या नाहीत, तेवढी सभ्यता होती. "काकू, त्याच्या दृष्टीने कोणीतरी घरात घुसलं. तिच्या दृष्टीने तिला परक्याच्या ताब्यात देऊन दार लावलं. दोघंही जीव वाचवायला भांडत होती. सशांना भेटवायला दोघांचीही नसलेली जागा लागते. आणि दार तर कधीच लावून घ्यायचं नाही, आपण समोर बसायचं. आत्ता तो तुमच्यावर रागावलेला नाहीये. त्याला हे घरच धोक्याचं वाटतंय."

तीन दिवस आम्ही त्याला दर तीन तासांनी सिरिंजने भरवलं. मेघालीने त्याला टॉवेलात धरायचं, मी थेंब थेंब तोंडात सोडायचं. तो गिळायचा नाही, हनुवटीवरून ओघळायचं. तरी मी सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मेघाली ओरडली, "मावशी, लेंडी!" साबुदाण्यापेक्षा जरा मोठी, एकच. ती तळहातावर घेऊन आम्ही दोघी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत राहिलो. काय सांगू, एकतीस लग्नांत मला इतका आनंद झाला नव्हता.

पुढचं सगळं डॉक्टरांच्या हुकमाने. आबाचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन आधीच झालेलं, जाईबाईचं करून घेतलं. मग महिनाभर दोघं वेगळी, मध्ये जाळी. याचं फडकं तिच्या खोक्यात, तिचं फडकं याच्या. पहिल्या दिवशी आबाने ते फडकं फाडलं. दहाव्या दिवशी हुंगून सोडून दिलं. विसाव्या दिवशी त्यावर झोपला. मी काहीही केलं नव्हतं. मला तर बसून राहायची सवयच नाही. मी आपली जमिनीवर आडवी पडून राहायचे, हात लावायचा नाही, बोलायचं नाही, असा हुकूम होता. सावध झालेला आबा लांबून कान वळवून मला ऐकायचा. एवढ्या मोठ्या कानांनी माझं गप्प बसणं ऐकायचा. एका जनावराने मला इतकं बारकाईने तोलावं, याचं मला भारी नवल वाटायचं, थोडी भीतीही.

आता दोघांची नसलेली जागा कुठून आणायची? आमच्या घराचा कोपरा न् कोपरा आबाने हुंगलेला. माझ्या पुतण्याने, संदेशने, शीळफाट्याला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. किल्ली मिळालेली, वास्तुशांत मे महिन्यात. मी किल्ली मागितली तर तो बिचकला. "काकू, वास्तुशांतीच्या आधी ससे? आई काय म्हणेल?"

"गाय नेतात ना आधी? मग सशांनी काय घोडं मारलंय?"

मेघालीने आठ दिवसांची रजा काढली. एप्रिलचा पहिला आठवडा. अक्षय्य तृतीया पंधरा दिवसांवर. दोन चटया, बादली, गवताची पोती आणि दोन टोपल्या घेऊन आम्ही बाराव्या मजल्यावर गेलो. रिकामा हॉल, रंगाचा न् सिमेंटचा वास. तिथे कोणीच कधी राहिलं नव्हतं, माणूस नाही, ससा नाही.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं सोडलं. दोघं हॉलच्या दोन टोकांना जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी जाईबाई झेपावली, आबा पळाला, मेघालीने मध्ये पुठ्ठा सरकवला. चौथ्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे पाठ केली आणि अंग चाटत बसली. मला काही हे लक्षण ठीक वाटेना, पण डॉक्टर फोनवर खूश झाल्या. म्हणाल्या, पाठ करणं म्हणजे आता भीती कमी झाली.

सहाव्या दिवशी दुपारी आबा उठला. हळूहळू, दर दोन पावलांवर थांबत, जाईबाईपर्यंत गेला. मी श्वास रोखला. मेघालीच्या हातात पुठ्ठा होता. आबाने डोकं खाली घातलं, पार फरशीला टेकवलं आणि तिच्या हनुवटीखाली सरकवून तसाच थांबला. ज्या दातांनी त्याचे केस उपटले होते, त्यांच्याखाली स्वतःची मान ठेवून. त्यानेही तिचा कान फाडला होता, आणि हे तिलाही माहीत होतं. ती हलली नाही. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. तो वाट बघत राहिला.

माझा हात पुढे गेला. तिचं तोंड जरासं खाली दाबलं की झालं, असं वाटलं. जन्मभर तेच केलंय मी, इकडून जरा दाबायचं, तिकडून जरा ढकलायचं. मेघालीने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेपर्यंत. "नाही, मावशी. तिला नको असेल तर नको."

आणि जाईबाई उठून गेली. सरळ उठली, खिडकीपाशी जाऊन बसली. आबा तिथेच डोकं टेकवून राहिला. मला वाटलं, संपलं आता, पुन्हा भिंत, पुन्हा उपास. पण तो उठला, गवतापाशी गेला आणि चार काड्या खाल्ल्या. नकार मिळाला होता, जीव गेला नव्हता. दार उघडं होतं, कोणी कोणाला कोंडलं नव्हतं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

संध्याकाळी उन्हं हॉलमध्ये आली तेव्हा ती खिडकीपासून उठली आणि आपण होऊन त्याच्याकडे आली. तो पुन्हा खाली वाकला. तिने त्याचं कपाळ चाटलं. एकदा. थांबली, विचार केल्यासारखी. मग पुन्हा, दोन डोळ्यांच्या मधे, मग पापण्या, मग कान, एकेक करून, सावकाश. आबाने डोळे मिटले. फाटका कान तिच्या मानेवर हलत होता. बाहेर शीळफाट्यावर ट्रकांचा नुसता गोंधळ चालला होता आणि आत तिच्या जिभेचा आवाज ऐकू येत होता. मी देवळातही अशी हात जोडून कधी उभी राहिले नसेन.

जरा वेळाने दोघं अंगाला अंग लावून पसरली. मी चटईवर आडवी झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मी ते पुसलं नाही.

"मेघाली," मी छताकडे बघत म्हणाले, "मी तुला दोनदा नेऊन सोडलं. तुझा आवाज मला दोन्ही वेळा आला होता. मी चहा पीत बसले."

बऱ्याच वेळाने तिने आपली चटई माझ्या शेजारी ओढली आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि तसंच भिंतीशी बोलल्यासारखं सांगायला लागली. कधी सुरू झालं, खोलीला बाहेरून कडी कोण लावायचं, दुसऱ्या वेळी मी सोडून आल्यावर त्या संध्याकाळी काय झालं. सासू बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायची, तेही सांगितलं. बाकीचं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. माझ्या तोंडात किती वेळा "अगं, पण" आलं, ते मला ठाऊक. एकदाही बाहेर पडू दिलं नाही. अंधारायला लागलं तेव्हा ती कुशीवर वळली आणि तिने माझ्या दंडावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या देखत कल्याणला फोन लावला. हितेशच्या आईने उचलला.

"मेघाली येणार नाही," मी म्हणाले. "अक्षय्य तृतीयेला नाही आणि नंतरही नाही. वकिलांचा फोन येईल."

"अहो शालूताई, असं कसं? तुम्ही शब्द दिलेला आम्हाला!"

"दिला होता," मी म्हणाले. "तो माझा नव्हताच, मी तिचा दिला होता."

त्या पुढे बरंच बोलत होत्या. मी फोन मेघालीकडे धरला, बोलायचंय का, अशी खूण केली. तिने थोडा विचार केला, नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच्या बोटाने फोन बंद केला.